फिरत्या वाहन निरीक्षकाचा पेशा : काम वाढले, मान्यता कोण देणार?

नवी दिल्ली : जुनी मोटार घ्यायची तर ओळखीच्या गॅरेजवाल्याला सोबत न्यायचे, त्याने बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकायचा, एक चक्कर मारायची आणि मान डोलवायची, ही रीत देशातील बहुतेक शहरांत आजही पूर्णपणे मोडलेली नाही. मात्र गेल्या दहा वर्षांत त्या गॅरेजवाल्याच्या जागी हळूहळू एक वेगळाच माणूस येऊन उभा राहिला आहे. तो दुचाकीवरून येतो. त्याच्या पाठीवरील पिशवीत टॅब्लेट, रंगाची जाडी मोजणारे यंत्र, टायरची खोली मोजण्याचे माप आणि गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर असतो. तो गाडी दुरुस्त करत नाही, विकत नाही आणि विकतही घेत नाही. तो फक्त पाहतो आणि लिहितो. त्याने तासाभरात केलेल्या नोंदींवर पाच-सात लाखांचा व्यवहार ठरतो किंवा मोडतो.

कंपनीगणिक त्याचे नाव बदलते. कुठे तो ‘इव्हॅल्युएटर’ असतो, कुठे ‘निरीक्षण अभियंता’, तर कुठे नुसताच ‘फील्ड एक्झिक्युटिव्ह’. कायद्यात मात्र त्याला नावच नाही. आयटीआय किंवा पदविका पूर्ण करून या कामाकडे वळणाऱ्या हजारो तरुणांच्या भवितव्याचा प्रश्न या अनामिकतेशी जोडलेला आहे.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख नवी प्रवासी वाहने विकली गेली. जुन्या मोटारींची उलाढाल त्याहून मोठी असल्याचे या उद्योगातील अहवाल सातत्याने सांगत आले आहेत. हा बाजार दीर्घकाळ दलालांच्या हाती होता. मारुतीने २००१ मध्ये ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केल्यावर तपासलेल्या, प्रमाणित जुन्या गाडीची कल्पना मध्यमवर्गात रुजली. २०१५ नंतर आलेल्या ऑनलाइन मंचांनी ती घराच्या दारापर्यंत नेली. गाडी दुकानात आणण्याऐवजी तपासणारा माणूसच गाडीपाशी पाठवणे त्यांना सोयीचे होते. फिरता निरीक्षक हा या सोयीतून जन्मलेला व्यवसाय आहे.

सरकारनेही या बाजाराला टप्प्याटप्प्याने नियमांच्या चौकटीत आणले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि नोंदणीकृत वाहनांच्या विक्रेत्यांना प्राधिकारपत्र घेणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात असेपर्यंत तोच मालक मानला जातो आणि त्या काळातील फेऱ्यांची नोंद त्याने ठेवायची असते. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के कराची शिफारस केली. म्हणजे विकणारा परिवहन खात्याच्या नोंदीत आला, कर खात्याच्याही आला. गाडी चांगली की वाईट हे सांगणारा तेवढा दोन्हीकडे बाहेर राहिला.

ही उणीव साधी नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेतले होते. विकणाऱ्याला दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीला संशयाची किंमत देतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातूनच निघून जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. या कामगिरीबद्दल २००१ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. निरीक्षकाचे काम नेमके या दरीत आहे. त्याचा शब्द विश्वासार्ह असेल तरच त्याला मोल आहे.

तासाभरात काय पाहायचे?

बाहेरून सोपे वाटणारे हे काम शिकायला वेळ लागतो. अनुभवी निरीक्षक गाडीपाशी आल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवतो. इंजिन गरम लागले तर विकणाऱ्याने गाडी अगोदरच चालू करून ठेवली होती, हे उघड होते. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जो खडखडाट ऐकू येतो, जो धूर दिसतो, तो गरम इंजिनात लपतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर कूलंट ज्वलनकक्षात शिरत असल्याची शंका घ्यावी लागते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर ती शंका हेड गॅस्केटपर्यंत पोहोचते.

त्यानंतर पत्रा. कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असते. एखाद्या दारावर ती दुप्पट भरली तर तो भाग पुन्हा रंगवलेला असतो. आकडा याच्याही बराच पुढे गेला तर खाली पुट्टी आहे, म्हणजे पत्रा ठोकून सरळ केलेला आहे. दार रंगवलेले असणे हा गुन्हा नव्हे. शहरात वापरलेल्या गाडीला ओरखडे येणारच. प्रश्न असतो तो पिलर, ॲप्रन आणि चासीच्या सांगाड्याला मार बसला आहे का, हा. बोल्टांच्या डोक्यांवरचा उडालेला रंग, वेल्डिंगच्या टिपक्यांतील असमान अंतर आणि काचांवरील उत्पादन-वर्षांच्या खुणांतील तफावत यांवरून ते ताडता येते. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता असते.

स्कॅनर जोडून ‘एकही दोष नाही’ असा अहवाल देणे नवख्या निरीक्षकाला फार सोपे जाते. पण विकणाऱ्याने आदल्या दिवशी दोषांची नोंद पुसून टाकली असेल तरी स्कॅनर हेच दाखवतो. अशा वेळी गाडीच्या संगणकाच्या अंतर्गत चाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हे पाहावे लागते. त्या बऱ्याच अपूर्ण दिसल्या तर नोंद नुकतीच पुसली गेली असावी किंवा बॅटरी काढली गेली असावी. मीटरवरील किलोमीटरचेही तसेच. पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगची कातडी चकाकणारी आणि मीटरवर मात्र ३५ हजार किलोमीटर, हा मेळ जमत नाही. टायरच्या कडेवरील चार आकडी खूण उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मोटारीच्या टायरची नक्षी नियमानुसार किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न भारतीय बाजारात विशेष बिकट आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील आणि डिसेंबर २०१५ च्या चेन्नईतील पुरानंतर हजारो मोटारी पाण्याखाली गेल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात जाहीर केलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते आणि तिचा सांगाडा लिलावात विकला जातो. धुऊन, पुसून, सुगंधी फवारा मारून अशी गाडी काही महिन्यांनी दूरच्या राज्यात विक्रीला उभी राहू शकते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला तर त्याच्या तळच्या टोकाला गाळाची रेघ सापडते. सीटच्या रुळांखालचा गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्यातील माती यांनाही सहसा कुणी हात लावलेला नसतो.

कागद पाहणे हे अनेकांना दुय्यम वाटते. वास्तविक ते तितकेच जोखमीचे आहे. आरसीवरचा चासी क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकाशी जुळतो का, कर्जाचा बोजा उतरला आहे का, ई-चलन थकले आहे का, परराज्यातील गाडी असेल तर ना हरकत प्रमाणपत्र मिळाले आहे का, हे वाहन पोर्टलवर आणि प्रत्यक्ष दोन्हीकडे तपासावे लागते. हस्तांतर न झालेल्या गाडीचा अपघात झाला तर परिवहन खात्याच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक म्हणून उत्तरदायी ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक हात बदलत गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती.

बेळगाव, इंदूर, हैदराबाद किंवा बडोद्यातील मराठी कुटुंबांना हा विषय अधिक जवळचा आहे. नात्यातली किंवा ओळखीतली ‘एमएच’ क्रमांकाची गाडी तिकडे नेली जाते. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ती दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिथली नोंदणी आणि कर चुकत नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथल्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात जातात. स्वस्ताईचे कारण घेणाऱ्याला समजावून सांगणारा निरीक्षक त्याचे पैसे वाचवतो.

तीन दारे, तीन वेगळे प्रवेश

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांचा पहिला गोंधळ ‘निरीक्षक’ या शब्दापाशी होतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम २१३ नुसार नेमला जाणारा मोटार वाहन निरीक्षक हा शासकीय अधिकारी आहे. त्याच्या किमान अर्हता केंद्राने १९८९ मध्ये ठरवल्या. त्यांत दहावीनंतर ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका, कार्यशाळेतील अनुभव आणि अवजड वाहनांसह चालक परवाना यांचा समावेश होता. महाराष्ट्रात सहायक मोटार वाहन निरीक्षकाची निवड राज्य लोकसेवा आयोग करतो. २०१७ मध्ये अशा ८३३ पदांची जाहिरात निघाली आणि पुढे ती भरती न्यायालयीन वादात सापडली. उमेदवारांची उमेदीची वर्षे त्या प्रतीक्षेत गेली. ज्यांच्याकडे केवळ आयटीआयचे प्रमाणपत्र आहे त्यांच्यासाठी हे दार मुळातच बंद आहे.

दुसरे दार विमा सर्वेक्षकाचे. विमा अधिनियम १९३८ च्या कलम ६४-यूएम खाली परवानाधारक सर्वेक्षकाची तरतूद आहे. मोटार विम्यातील ५० हजार रुपये आणि त्यावरील दाव्यांसाठी त्याचा अहवाल लागतो. अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी, सर्वेक्षकांच्या संस्थेचे विद्यार्थी-सदस्यत्व, अनुभवी सर्वेक्षकाच्या हाताखाली बारा महिन्यांचे प्रशिक्षण आणि भारतीय विमा संस्थेची परीक्षा, असा हा मार्ग आहे. वर्षभर फारशा कमाईविना शिकण्याची तयारी हवी. पण शेवटी हाती येतो तो विमा नियामकाचा परवाना, आणि तो एखाद्या कंपनीची नोकरी सुटली म्हणून सुटत नाही.

तिसरे दार सर्वांत रुंद आहे. ऑनलाइन मंच, जुन्या गाड्यांचे विक्रेते, कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था, मुदत संपलेल्या विम्याच्या नूतनीकरणापूर्वी गाडी पाहणाऱ्या यंत्रणा, या सर्वांना फिरते निरीक्षक हवे असतात. येथे आयटीआयवाल्यालाही प्रवेश आहे, काही आठवड्यांत काम हाती येते आणि हाती स्वतःची दुचाकी व स्मार्टफोन असला की पुरते. या तिसऱ्या दाराच्या आत मात्र परवाना नाही, पदश्रेणी नाही आणि अनुभव मोजण्याचे सर्वमान्य मापही नाही. गाड्या तपासण्यात काढलेली तीन वर्षे कार्यशाळेतील अनुभव म्हणून दाखवता येतील, असे गृहीत धरणेही धोक्याचे आहे.

व्यावसायिक वाहनांच्या योग्यता चाचणीसाठी उभी राहणारी स्वयंचलित चाचणी केंद्रे हा याच परिसरातील आणखी एक रोजगार. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक वाहनाला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. ही चाचणी यंत्राद्वारेच करण्याच्या सक्तीला अवजड वाहनांसाठी १ एप्रिल २०२३ ही पहिली तारीख ठरली होती. केंद्रे पुरेशी नसल्याने ती पुढे ढकलावी लागली. तेथील काम फिरतीचे नाही, एका जागी बसून करायचे आहे, एवढाच फरक.

पैसे कोण देतो?

या चाचणी केंद्रांच्या नियमांत एक अट लक्षणीय आहे. केंद्र चालवणाऱ्याने वाहनांची दुरुस्ती, निर्मिती किंवा विक्री यांच्याशी संबंधित सेवा देऊ नये. तपासणाऱ्याचे हित निकालात गुंतता कामा नये, हे तत्त्व शासनाने तेथे स्पष्टपणे स्वीकारले आहे. खासगी फिरत्या तपासणीला मात्र ते लागू नाही. गाडी स्वतः विकत घेणाऱ्या मंचाचा निरीक्षक दोष जितके जास्त शोधील तितकी खरेदीची किंमत खाली येते. तोच मंच गाडी पुढे विकतो तेव्हा अहवाल उजळ असणे त्याच्या सोयीचे असते. निरीक्षक प्रामाणिक असला तरी त्याचे मासिक मूल्यमापन ‘किती व्यवहार झाले’ यावर होत असेल तर दबाव कोणत्या दिशेने येणार, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

परवानाधारक सर्वेक्षकाचे शुल्कही विमा कंपनीच देते. पण निदान त्याच्यावर आचारसंहिता आहे आणि नियामकाकडे तक्रारीची वाट आहे. शिवाय सर्वेक्षकाचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या प्रकरणात म्हटले आहे. खासगी तपासणीच्या अहवालाखाली बहुधा बारीक अक्षरांत जबाबदारी नाकारणाऱ्या चार ओळी असतात. अहवालावर विसंबणाऱ्या ग्राहकाला त्या नंतर सापडतात.

यातून एक जागा मोकळी राहते : खरेदीदाराकडून थेट शुल्क घेऊन केवळ त्याच्यासाठी तपासणारा स्वतंत्र निरीक्षक. मोठ्या शहरांत असे काम करणारे दिसू लागले आहेत. त्यांचे हित खरेदीदाराशी जुळते. पण दरमहा ठरावीक कामाची हमी त्यांना नसते आणि ग्राहक ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली त्यांच्याकडे सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागू शकतो. म्हणूनच कोणत्या तारखेला, भाग न उघडता, काय पाहिले आणि काय पाहता आले नाही, हे लेखी नोंदवणे आणि छायाचित्रे जपून ठेवणे ही या कामातील पहिली शिस्त ठरते.

खर्चाचा हिशेब तरुणांनी कामाच्या आधीच मांडलेला बरा. समजा दिवसाला चार तपासण्या आणि प्रत्येकीसाठी १५ किलोमीटरची फेरी. दिवसाचे ६० किलोमीटर झाले, २५ दिवसांचे १,५०० आणि वर्षाचे १८ हजार. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या दुचाकीला महिन्याला ३३ लिटरहून अधिक पेट्रोल लागेल. टायर, सर्व्हिसिंग, मोबाइल डेटा आणि गाडीची घसरती किंमत वेगळीच. मालक घरी नाही, किल्ली सापडत नाही, गाडी तळघरात धूळ खात पडली आहे आणि बॅटरी उतरली आहे, अशा फुकट गेलेल्या फेऱ्यांचे पैसे मिळतात की नाहीत, हा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारायचा असतो. शुल्क ‘पूर्ण झालेल्या तपासणी’वर मिळणार असेल तर हा सर्व तोटा निरीक्षकाच्या खिशातून जातो.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटींवर जाईल, असा अंदाज होता. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात प्रथमच गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आली आणि ॲग्रीगेटरांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान द्यावे, अशी तरतूद झाली. संहितेच्या अनुसूचीत प्रवासी वाहतूक, खाद्यपदार्थ पोहोचवणे, मालवाहतूक यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. वाहन तपासणीला ‘इतर वस्तू व सेवा’ या सर्वसमावेशक गटातच जागा शोधावी लागेल. ऑनलाइन मंचाच्या कामावरचा निरीक्षक तिथे कदाचित बसेल. छोट्या विक्रेत्याकडे किंवा मध्यस्थ एजन्सीमार्फत काम करणारा बसेलच असे नाही.

तंत्रज्ञान आता या कामाचा एक भाग गिळू लागले आहे. मुदत संपलेल्या विम्याच्या नूतनीकरणासाठी अनेक कंपन्या ग्राहकालाच मोबाइलवर गाडीचे चित्रीकरण करून पाठवायला सांगतात. पत्र्यावरचा पोचा संगणकाला छायाचित्रातून ओळखता येतो. केवळ छायाचित्रे काढणे हेच ज्याचे कौशल्य आहे, त्याची गरज त्यामुळे कमी होत जाणार. थंड इंजिनाचा आवाज, क्लच सोडतानाची थरथर, सीट बेल्टच्या टोकाचा गाळ या गोष्टी अजून दूरवरून कळत नाहीत.

विजेवर चालणाऱ्या गाड्या जुन्या बाजारात येऊ लागल्याने कौशल्याची नवी पायरीही तयार झाली आहे. अशा गाडीच्या किमतीचा मोठा भाग बॅटरीत असतो. तिची मूळ क्षमता किती उरली, किती वेळा जलद चार्जिंग झाले आणि हमी नव्या मालकाकडे हस्तांतरित होते का, हे पाहावे लागते. उच्च दाबाच्या नारिंगी तारांना प्रशिक्षणाविना हात लावणे जिवावर बेतू शकते. बीएस-६ डिझेल गाडीतील काजळी अडवणारा फिल्टर शहरातील छोट्या फेऱ्यांमुळे तुंबला आहे का, हे ओळखणेही पाच-सहा वर्षांपूर्वी कुणाला शिकावे लागत नव्हते. ज्या आयटीआयमध्ये अजून कार्ब्युरेटरवरच भर आहे, तिथून निघालेल्या मुलाला हे सर्व स्वखर्चाने शिकावे लागते.

ऑटोमोटिव्ह कौशल्य विकास परिषदेसारखी संस्था आणि राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट देशात अगोदरपासून आहे. २०२२ च्या विक्रेता नियमांत तपासणी अहवालाचा एक ठरावीक नमुना आणि त्याखाली प्रमाणित निरीक्षकाचे नाव व क्रमांक नोंदवण्याची अट जोडण्यास नवा कायदा करण्याची गरज नाही, नियमांतील दुरुस्ती पुरेशी आहे. तोपर्यंत पदविकाधारकाने पहिले वर्ष प्रत्यक्ष कार्यशाळेत काढणे हिताचे. दुरुस्तीचा तो अनुभव शासकीय भरतीच्या अर्जात दाखवता येतो, सर्वेक्षकाच्या प्रशिक्षणात उपयोगी पडतो आणि ऑनलाइन मंचाच्या नोकरीतही. आयटीआयवाल्यासाठी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची वाट अनेक राज्यांत खुली आहे. दिवसा चार गाड्या तपासून ती वाट चालणे सोपे मात्र नाही.